वाटीतली काडी

शनिवार, १८ जानेवारी २०२५

क्षमस्व, कोऱ्या पाना! आजवर मी केवळ विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे लिहिली. कुणी न विचारता लिहिण्याचा आगाऊपणा प्रथमच करते आहे.

दहावीला मराठी माध्यमातून पहिली आले, म्हणून मला लिहिता येते असा आमच्या मराठी मंडळाचा समज आहे. कार्यवाह केशवराव आज दिलसुखनगरला घरी आले. "नऊ फेब्रुवारीला सुलभाताई निटूरकरांचा सत्कार, अन् त्यांचं वादन. परिचय रूपालीनं लिहायचा, स्टेजवर वाचायचाही तिनंच!" बाबांनी परस्पर होकार दिला. मी स्वयंपाकघरात लपले होते. मनाने अजून तिथेच आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

सुलभाताई ओबो वाजवतात. सनईच्या कुळातले पाश्चात्त्य वाद्य — असे पुस्तक म्हणते. मी पाहिलेले नाही. जामबागच्या शाळेत शिकल्या. चिक्कडपल्लीच्या घराशेजारी एक निवृत्त बँडवाले राहत, त्यांच्याकडे पहिले धडे. पुढे जर्मनीत एका ऑर्केस्ट्रात बावीस वर्षे. शिवाय स्वतःच्या रचना! शिवाय हाती छडी घेऊन साठ वादकांचे संचालन! मला रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" म्हणायला धीर होत नाही. परवा दोन चौक पुढे उतरले.

गुरुवार, ३० जानेवारी

परिचय पूर्ण. चौदा पाने!

पल्लवीला दाखवला. माझी सख्खी बहीण, पण मराठी अक्षर लावून लावून वाचते. दुसऱ्याच ओळीला थकली. "अक्का, इतकं कोण ऐकणार? लाइट घे ना, इतकं मनावर नको घेऊ!"

केशवराव फोनवर: "चौदा? अगं, मग पाहुण्या वाजवणार कधी?"

तीन पाने उरली. त्यातले दीड पान केवळ रीडवर आहे. रीड म्हणजे ओबोच्या तोंडाशी बसवायची जिभली. ती वादकाने स्वतः तासून घडवायची असते. तेवढे दीड पान मला कापवले नाही. माझे सर्वोत्तम लेखन आहे ते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आरशासमोर वाचनाचा सराव. आरशाकडेही मान वर करून पाहवले नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

घडले ते क्रमाने लिहिते.

सभागृहामागच्या खोलीत मी तासभर आधी पोहोचले. भीती वाटली की मी आवराआवर करते. टेबलावर चहाचे कप, फुलांचे देठ, आणि एका स्टीलच्या वाटीत गढूळसे पाणी; त्यात लाल दोरा गुंडाळलेली बोटभर काडी. हाराची उरलेली असावी. वाटी खिडकीबाहेर कर्दळीत रिकामी केली, विसळली, पालथी घातली. टेबल सुरेख दिसू लागले.

मग स्टेज. पहिले पान नीट गेले. दुसऱ्यावर रीड आली. मी वाचत होते — "बोरूसारख्या काडीच्या दोन पातळ पट्ट्या, दोऱ्याने घट्ट बांधलेल्या, वादनापूर्वी पाण्यात भिजत ठेवलेल्या —"

आणि थांबले.

ती वाटी डोळ्यांसमोर आली. लाल दोरा! समोरच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणाले, "पोरीला भरून आलं." कडाडून टाळ्या! दीड पान लिहिले होते मी, आणि ती प्रत्यक्ष भेटली तेव्हा ओळखली नाही.

पडद्यामागे सुलभाताई शांतपणे टेबल न्याहाळत होत्या. "तीन आठवडे तासली होती. यंदाची सगळ्यांत गोड." मग डबीतून दुसरी काढली. वादनात ती मधल्या सुराला बदकासारखी ओरडली. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या उत्तमरावांना वाटले माइक बिघडला. त्यांनी आवाज वाढवला.

कार्यक्रमानंतर कर्दळीत शोधली. मिळाली. तिच्यावर कुणाच्या तरी चपलेचा पाय पडला होता. कंपासपेटीत ठेवली आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

आळ उत्तमरावांवर! जेवणानंतर त्यांच्या ओठांत नेहमी काडी असते, कालही होती. केशवराव सर्वांसमोर म्हणाले, "जर्मनीची काडी, उत्तमराव! तुम्ही दात कोरले!"

"हौ, काडी होती! पण माझ्या खिशातली, कडुनिंबाची!"

कुणाला पटले नाही. मी तिथेच उभी होते. रिकामे कप गोळा करू लागले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सुलभाताईंनी चिक्कडपल्लीला बोलावले. पिशवीत कंपासपेटी होती. आज सांगायचेच, असे ठरवून गेले.

त्या खिडकीशी बसून नवी रीड तासत होत्या. एक पापुद्रा काढायचा, ओठांत धरून फुंकायचे, पुन्हा पापुद्रा. दहा-बारा तास वाजली की रीड संपते म्हणे, मग दुसरी. उभा जन्म असाच गेला.

"तुझ्या परिचयात माझ्यापेक्षा ओबोच जास्त होता," त्या हसल्या. "कमी बोलतेस, नाही? मीही तशीच. पण कार्यक्रमाआधी ओबो एक सूर धरतो आणि सबंध ऑर्केस्ट्रा त्याच्याशी जुळवून घेतो. मोठ्याने नाही धरायचा. खरा धरायचा."

मग म्हणाल्या, नवी रचना करते आहे. ओबो आणि गाणाऱ्या मुली, संचालन त्या स्वतः करणार. "शब्द तू दे."

"कविता का, ताई?"

"नको गं. कुणी न विचारता लिहिलेलं काही असेल तर दे. रविवारी दुपारी बारापर्यंत. संध्याकाळी माझं विमान आहे."

खोडून-खोडून लिहीन म्हटले! आणि काडीचे? नाही सांगितले. सांगितले तर शब्द कोण मागेल माझ्याकडे? निघताना त्याच म्हणाल्या, "बिचाऱ्या उत्तमरावांचा फोन आला होता. रडवेले झाले होते."

कंपासपेटी तशीच परत आली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मुसी नदीवर आठ ओळी. सुबक. खोट्या. खोडल्या.

पहाटेवर बारा ओळी. मी पहाटे उठत नाही. खोडल्या.

कुणी न विचारता लिहिलेले माझ्यापाशी एकच आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

आधी उत्तमरावांना फोन केला. खरे ते सांगितले. ते म्हणाले: "पोरी, आता हे केशवरावांना स्टेजवरून सांगशील का?" सांगेन म्हटले.

मग या वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला. पहिल्या क्षमेपासून कालच्या खाडाखोडीपर्यंत, नऊ तारखेचेही. ताई, काडी मी फेकली. यातले गाण्याजोगे काही असेल तर घ्या.

पाठवले — १६ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११ वाजून ५३ मिनिटे.