फोंडाघाटातून एकही नाही

१२ नोव्हेंबर २०२५, मिठबाव

या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे : जानकीची भीती निराधार आहे.

जानकी ही माझ्या सुनेची, संचिताची, मसुऱ्याच्या शाळेतली सोबतीण. मे महिन्यात नवऱ्याचे घर सोडून आमच्याकडे आली. नवरा निलेश, फोंडाघाटचा. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेले नाहीत. संचिताने पाहिले आहेत, आणि संचिता खोटे बोलत नाही. निलेश तिला मुंबईत तिच्या भावाकडे शोधतो आहे असे कळते. या घराचे नावही त्याला ठाऊक नाही.

संचिता घरातल्या खोल्या पर्यटकांना देते. त्याची वेबसाइट आहे. वेबसाइटच्या स्वयंपाकघराच्या पानावर घावणे काढणाऱ्या जानकीचा फोटो आहे — एका पाहुणीने टिपलेला, चेहरा स्पष्ट. जानकी म्हणते, तो काढून टाका.

१४ नोव्हेंबर

तिला समोर बसवून विचारले. फोटो का नको?

"माका नको, काकानू."

"हे कारण नव्हे, ही इच्छा झाली."

"मगे इच्छाच म्हणा."

संचिता चुलीपाशी होती. "जल्मभर कॉलेजात पोरांका नापास केल्यात, बाबानू, आता घरात सुरू! काढून टाकूया तो फोटो."

मी नाही म्हटले. निराधार भीतीला एकदा पाट मांडून दिला की ती रोज जेवायला येते. शिवाय त्याच पानावर लोक सर्वाधिक वेळ थांबतात. सुरू झालेल्या हंगामात ते पान मोडणे शहाणपणाचे नाही. या घरात माझा शब्द शेवटचा असतो. असू नये, पण असतो.

१५ नोव्हेंबर

आता पुरावा.

वेबसाइटवर कोण, कोणत्या गावाहून आले, याची नोंद राहते. मात्र विचारून. पानाच्या तळाशी पट्टी येते : आपल्या भेटीची नोंद ठेवू का? 'ठेवा' आणि 'नको', दोन बटणे. वेबसाइट बनवणाऱ्याला 'नको' बारीक, फिकट करायचे होते. मी करू दिले नाही! दोन्ही एका मापाची, एका रंगाची. 'नको' म्हणणाऱ्याची कसलीही नोंद नाही, आणि त्याला कारण विचारायचे नाही. पाहुण्याने उंबरठ्यावर आपली ओळख द्यावी की नाही, हा त्याचा अधिकार आहे. या एका गोष्टीचा मला, खरे सांगायचे तर, अभिमान आहे.

नोंद पाहिली. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, एक मस्कतहून. फोंडाघाटाजवळच्या कणकवलीहून नाही. फोंडाघाटातून एकही नाही.

तो आला असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणजे आलेला नाही. सिद्ध.

२१ नोव्हेंबर

फोंडाघाट : शून्य.

२६ नोव्हेंबर

रस्त्यावर मोटारसायकल वाजली की जानकी हातातले टाकून आत जाते. ही सवय झाली, पुरावा नव्हे. आज तिला पडद्यावरचे आकडे दाखवले, एकेक गाव वाचून दाखवले.

"बरां," म्हणाली, आणि तांदूळ धुवायला गेली.

तिचे समाधान झाले.

३ डिसेंबर

निलेश आला.

दुपारची वेळ. घरापुढच्या खळ्यात उभा राहून अदबीने म्हणाला, "काकानू, वायच पाणी मिळात?" पाहुणा समजून मी खुर्ची दिली. पाणी प्यायला. मग मोबाइल पुढे केला. पडद्यावर घावणे, तवा, जानकी.

"ही माझी बायल. खंय आसा?"

मी काय करायला हवे होते? हाका मारायला हव्या होत्या. मी विचारले, "तुम्ही हे पान पाहिलेत, त्याची नोंद कशी नाही?"

त्याला आधी कळले नाही. मग हसला. "ती पट्टी? 'नको' दाबलंय. आपली म्हायती लोकांका कशाक देवची?"

आणि उठून सरळ आत गेला. जानकीने मागील दार ओढून घेतले. त्याने ते खांद्याने दाबले. मध्ये तिचा हात होता.

ती ओरडली नाही. ओरडली ती संचिता. वाडी धावून आली तोवर तो मोटारसायकलवर बसला होता. "परत येतलंय," म्हणाला — तिला नव्हे, मला. एसटीची वेळ सांगावी तसे.

उजव्या हाताची तीन बोटे मोडली आहेत.

४ डिसेंबर

पोलिसांत तक्रार दिली. हवालदाराने विचारले, "त्याला पत्ता कुठून मिळाला?"

"आमच्याकडून," मी म्हणालो. त्याने मान वर करून पाहिले आणि लिहून घेतले.

फोटो काल रात्रीच संचिताने काढून टाकला. मला न विचारता.

५ डिसेंबर

दोष कुठे होता, ते मांडतो.

जे दिसण्यासारखे असूनही दिसत नाही, तेच 'नाही' असे म्हणता येते. काळोखात मडके दिसले नाही, म्हणून खोलीत मडके नाही असे ठरत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मी दरवर्षी शिकवले! नोंदीत फक्त 'ठेवा' म्हणणारे दिसतात. निलेश तिथे दिसण्यासारखा नव्हताच. त्याला न दिसण्याची मुभा मीच दिली होती, आणि ती देणे योग्यच होते. चुकीचे होते ते त्या शून्यावर विसंबणे.

मांडणी निर्दोष झाली आहे. तरी झोप नाही.

९ डिसेंबर

जानकी पहाटे गेली. प्लास्टरमधला हात ओढणीत बांधून. कुठे, ते संचिताला ठाऊक आहे.

"तुमका सांगू नको म्हणान गेली, बाबानू."

"का? कारण काय?"

संचिताने जानकीचे अंथरूण गुंडाळून उचलले.

कबुली : शुक्रवारी लिहिलेला दोष खरा, पण तो तर्कातला. माझी चूक वेगळी. कोणाही परक्याचा 'नको' मी कारण न विचारता मान्य केला. जानकीचा केला नाही.

— सत्यवान आत्माराम पाटकर