टोपाच्या कल्हईतलं शिसं

अम्मा, तू कशाने गेलीस? बारा वर्षं झाली. घरातली पहिली पदवीधर झाले, तीही रसायनशास्त्राची, तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

इथे आखातात, बनेद अल-गारच्या त्या स्वयंपाकघरात तू पोट दाबून बसायचीस, आणि तरी संध्याकाळी तांब्याच्या टोपात कोकम घालून मासळीचं कालवण शिजायचंच. रात्रभर मुरलं की चव येते, म्हणून ते त्याच टोपात राहायचं. सकाळी आम्ही वरचं वरचं खायचो. तू शेवटी बसतेस, तळाचं आंबट बोटाने पुसून घेतेस. "अम्मा, आता टोप खाशील," मी हसते. "खाईन गो. घासायचा त्रास वाचेल," तू म्हणतेस.

आता मी तेलाच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुन्यावर क्ष-किरण सोडले की त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे किरण बाहेर टाकतं, आणि कागदावर पेनाची रेघ त्या त्या ठरलेल्या जागी वर चढते. सरावासाठी घरातलं काहीही आणा, असं साहेब म्हणाले. मी तुझ्या टोपाची थोडी कल्हई खरवडून नेली, आणि रात्रभर ठेवलेलं कालवण वाळवून. कल्हईत कथलाच्या जोडीला शिसं निघालं, रेघ चांगली उंच. कालवणात त्याची रेघ अगदी बारीक होती, पण होती. तुझ्या पोटात किती गेलं, ते कुठलंच यंत्र आता सांगणार नाही.

घरी तो कागद उघडला तर भाभी, म्हणजे भाईची बायको, तू तिला पाहिलं नाहीस, म्हणाली, "मीठ जास्त पडलं तेपण दिसतं काय गो यात?" तिला सातवा महिना आहे. तीही शेवटी जेवते. मी बावांना एवढंच म्हटलं की टोप बदलूया. "त्याला हात लावायचा नाय," बावा म्हणाले. "तुझ्या अम्मासाठी आणलेला मी. दरवर्षी स्वतः समोर उभा राहून कल्हई करून घेतो."

त्यानंतर बावांसमोर शिसं हा शब्द माझ्या तोंडून निघेना. भाभीला मात्र सगळं सांगितलं. खरं काय ते सांगता यावं म्हणूनच आपण शिकलो, असं मला वाटायचं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते. काल बावा नमाजाला गेल्यावर मी टोप पालथा घातला आणि खिळा ठोकून तळाला भोक पाडलं. ते परत आले, टोप उजेडाकडे धरून बघत राहिले. मी म्हटलं, "झिजला, बावा."