माकुलाचा बुधवार

खरवई, बदलापूर
बुधवार

ती. रखमावन्सं,

कुमुदिनीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? आधी गोड बातमी: तुमचे भाऊ आनंदनगरच्या कारखान्यात पर्मनंट झाले! त्यांच्यासाठी सोडलेला चहा आजच घ्या (साखर जपून). माझं पत्र आलं की तुम्ही ते आधी विठोबाच्या पायाशी ठेवता आणि मग वाचता, या वेळी तर ते तिथेच शोभतं.

तुमच्या गळ्यात माळ, तुम्हाला मासळीचं लिहू नये, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. झालं असं, की पर्मनंट करण्याआधी कंपनीचा डॉक्टर तपासणार होता, आणि ह्यांच्या अंगावर शर्ट म्हणजे खुंटीला टांगल्यासारखा. कॅम्प पाचातले आपले नेहमीचे सिंधी डॉक्टर म्हणाले, "भाभी, प्रोटीन खिलाओ, नहीं तो फेल." आता मटण आमच्याकडे सणालाच. तेवढ्यात मासळीवाली बनूबाई दारात, पाटीत माकुलं (समुद्रातला लिबलिबीत जीव, तोंडाशी दहा सोंडा). "घ्या वो ताई! ना काटा, ना खवलं, निस्ती ताकद हाय." मी विचार केला, बांगड्याचं डोकं, शेपूट, काटा फेकून निम्माच पोटात जातो, हा जीव जवळजवळ सगळाच खाता येतो, वर चरबी नाही. घेतली. (सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. माकुलाला उरला बुधवार.)

साफ करायला बसले तर पोटात काळी शाई आणि पाठीत प्लास्टिकसारखी निमुळती पट्टी! दौत-टाक घेऊनच जन्माला आलेला जीव, वन्सं. मॅट्रिक होईपर्यंत मला कधी स्वतःचा टाक मिळाला नव्हता. पण मांस म्हणजे कुकर, एवढंच माझं ज्ञान. दोन शिट्ट्या दिल्या. ह्यांनी एक गोल तुकडा चावला, ओढला, उजेडात धरला आणि म्हणाले (रबरी वॉशरच्या खात्यात असतात ना), "अगं, हा आमचाच माल दिसतोय. स्टोअरला जमा करू का?"

पुढच्या बुधवारी बनूबाई पोट धरधरून हसली. "दोन मिंटं परतायचं, नायतर तासभर रटरटू द्यायचं. मधलं म्हंजे रबर!" तासभराचं रॉकेल कुठून आणू? दोन मिनिटं, लसूण, मिरची, कोकम. वन्सं, लोण्यासारखं! मग बुधवारामागून बुधवार गेले, शर्ट भरला, आणि काल कंपनीच्या डॉक्टरने ह्यांचा दंड दाबून पाहून सही केली. ह्यांनी आनंदाच्या भरात त्यालाच माकूल खायचा सल्ला दिला.

तुमची,
कुमुदिनी

ता. क. आधी पाकिटावर पत्ता लिहायला घेतला, तो पुरा होताच रिफिल संपली. आज बुधवार, माकुलाची शाई वाटीत काढलेली, टाकवेना. तेव्हा हे पत्र त्याच शाईने, त्याच्याच पट्टीने लिहिलं आहे. विठोबाच्या पायाशी असेल तर उचला आणि देवाला आंघोळ घाला.

आणखी ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. त्याच शाईत पाणी घालून मी सकाळी रामनामाची चार पानं भरली. ती रामाला पोचतात का, तेवढं तुमच्या कीर्तनकार बुवांना विचारा (नाव माझ्या शेजारणीचं सांगा). उत्तर लवकर धाडा. अजून अर्धी वाटी शिल्लक आहे, आणि ती नासते.