तळाला न दिलेले तीन हात

ताई,

उद्या कॅम्पर व्हॅन घेऊन सहलीला निघू नकोस. तळाचं प्लायवूड पाणी पिऊन फुगलंय, मागच्या कोपऱ्यात थर सुटलेत.

तुझ्या भावाने छातीठोकपणे सांगितलं होतं, की तळाच्या कडांना वॉटरप्रूफिंगचे तीन हात दिले. एकही दिला नव्हता. गाडीखाली उताणं झोपून हात द्यायचा तर थेंब डोळ्यांत पडणार, म्हणून पठ्ठ्याने दिसणाऱ्या बाजू तेवढ्या रंगवून चकचकीत केल्या आणि तुझी शाबासकी घेतली.

काल ओल दिसल्यावर तू बाबांवर घसरलीस, “पाइप लावून धुवायला कुणी सांगितलं होतं?” ते मान खाली घालून ऐकत राहिले. तुझा भाऊ शेजारीच चहात बिस्किट बुडवत बसला होता.

तो मी. “मी” लिहायचीही लाज वाटत होती.

दोन वर्षांनी मिळालेली तुझी सुट्टी माझ्यामुळे वाया चाललीय.

आज सकाळी बाबांना खरं सांगितलं. म्हणाले, “ठाऊक होतं रे. वॉटरप्रूफिंगचा डबा उचलून बघितला होता मी, भरलेलाच होता. म्हटलं, तू आपणहून बोलशील.”

नवं प्लायवूड आणायला गेलोय. तू आधी बाबांशी बोल. माझ्याशी बोलायची घाई नाही.