पो लिंगच्या लग्नाची सोनेरी शाई

जॉर्ज टाउन, पिनांग
६ ऑक्टोबर

लाडक्या पो लिंग,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. लग्नाचं एकही कार्ड दुमडलेलं नाही. शाईची बाटली तू इतकी गुंडाळली होतीस की आधी मला वाटलं, पोरीने म्हातारीला मोजे पाठवले. मी बरी आहे. गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, तेवढंच. तुझी नोकरी, क्वालालंपूरचा ट्रॅफिक आणि तुझा नवरदेव चून हो, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा आहे.

आता शाईबद्दल. बाटली ठेवून दिली की सगळं सोनं तळाशी गाळासारखं बसतं आणि वर नुसतं मधाच्या रंगाचं पाणी उरतं. हलवली की आत सोनं फिरायला लागतं. पहिल्या दिवशी मी खिडकीशी बसून ती नुसतीच हलवत राहिले, कॉफी गार झाली. तुझे काका असते तर म्हणाले असते, "गिऱ्हाइकासारखी बघत काय बसलीस? घे नाहीतर ठेव!" इतकी वर्षं आम्ही पेनांचं दुकान चालवलं, पण चमकीची शाई म्हटलं की ते नाक मुरडायचे. "नटवी आहे ती. पेनात शिरली की तुंबवणार, आणि निस्तरायचं आपण." म्हणून त्यांची जुनी, बारीक निबाची पेनं मी काढलीच नाहीत. जाड निबाचं, उघडून धुता येईल असं साधं पेन घेतलं.

तुझ्या आईला लाल कार्डं हवी होती ना? तिला सांग, लाल कागदावर ही शाई दिसतच नाही, पाणी सांडल्यासारखी वाटते. तुझी ही फिकट पिवळसर, लाल काठाची कार्डंच बरोबर. समोरून अक्षर साधं दिसतं, पण कार्ड जरा तिरकं केलं की कडेकडेने सोनं उजळतं. नवीन शाई आली की काका चाचणीला नेहमी एकच ओळ लिहायचे: 'कॉफी, साखर कमी.' मीही नकळत तीच लिहिली. मग जरा वेळ उठून गेले.

सुरुवातीला मी एक मोठा घोळ घातला. तुझ्या यादीच्या क्रमाने, मानाची म्हणून मुलाकडची नावं आधी लिहायला घेतली. मधे मधे पेन तळहातात फिरवायचं असतं, नाहीतर सोनं आतल्या आत खाली बसतं. तेच विसरले. त्यामुळे चून होची आजी निघाली फिक्की पिवळी, आणि मग आठवण झाल्यावर पेन जोरात हलवलं तर तुझ्या ऑफिसातला तो शिपाई सोन्याने नुसता मढला! आजीचं कार्ड पुन्हा लिहिलं. जास्तीची कार्डं पाठवलीस हे शहाणपण केलंस.

पण बाळ, इतकी कार्डं या शाईने माझ्याकडून होतील असं वाटत नाही. पेन तुंबतं. माझे डोळेही पूर्वीचे राहिले नाहीत. हल्ली छापूनही सुबक मिळतात म्हणे. तू नाराज होऊ नकोस.

वरचं वाचून पाहिलं. काल लिहिलेलं ते तसंच राहू देते, पण ते कारण खरं नाही. पेन दोन दिवस तोंड उघडं टाकलं म्हणून तुंबलं, आणि का टाकलं ते सांगते.

मी लिहीत होते तेव्हा शेजारची ऊई आली. "अगं बाई! सोनं वितळवतेस की काय?" म्हणत तिने एक कार्ड उचललं. मग तिची नजर माझ्या बाहीवर गेली. काकांच्या शोकाचा कापडी तुकडा अजून टाचलेला आहे तिथे.

"लग्नाची आहेत? आणि तू लिहितेस?"

"का? माझं अक्षर वाईट आहे?"

"अक्षराचं कोण बोलतंय? मुलाकडच्यांना चालतंय ना, एवढंच विचारलं."

"विचारून सांगते," म्हटलं. तिने कार्ड दोन बोटांनी होतं तिथे ठेवलं. ती गेली आणि मी सगळी कार्डं कपाटात टाकली.

ऊईचं मला एवढं लागलं नसतं. पण त्याआधी तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. "ताई, तू समजून घेशील म्हणून तुलाच सांगते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पो लिंगचे केस विंचरायच्या विधीला आम्ही लिमबाईंना बोलावतोय. त्यांचे यजमान आहेत ना अजून. रागावू नकोस हं."

"रागावते कशाला? मी काय न्हावीण आहे?" मी म्हणाले. दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. तू एवढीशी होतीस तेव्हापासून तुझे केस मीच विंचरणार हे ठरलेलं होतं. तुझ्या आईचेही तिच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मीच विंचरले होते. नवरा गेला म्हणून माझे हात बदलले का गं? दुसऱ्याच दिवशी तुझा निरोप आला, "तुआ-ई, नावं तूच लिहायचीस, सोनेरी शाई पाठवतेय." थोरल्या मावशीची समजूत काढतेस हे मला कळलं. कळूनही बरं वाटलं.

आज सकाळी तुंबलेलं पेन धुवायला घेतलं. बेसिनमध्ये सोनं वाहत होतं आणि मला एकाएकी राग आला. तुझा नाही, चून होच्या घरच्यांचाही नाही. त्यांनी तर मला अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. घाबरली आहे ती माझीच धाकटी बहीण. त्या रागातच बसले आणि सगळी कार्डं लिहून काढली. अक्षर बघ, हात जरासुद्धा हललेला नाही. विधवेने लिहिलेलं नाव ज्यांना नको असेल त्यांनी ओल्या फडक्याने खुशाल पुसावं. पिवळा रंग जाईल, सोनं कागदाला धरून राहतं. मी करून पाहिलंय.

केस लिमबाईंनाच विंचरू देत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, बाई चांगली आहे.

गठ्ठ्यात सगळ्यांत खाली एक कार्ड कोरं आहे. ते विसरलेलं नाही. तुझ्या यादीत माझंही नाव होतं, पण माझं आमंत्रण मी लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. ते तुझ्या आईला, बी लेला लिहायला सांग. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी चालेल, बॉलपेनने लिहिलं तरी चालेल. ते आलं की मी बाहीवरचा तुकडा उतरवून येईन आणि पुढच्या टेबलावर बसेन. नाही आलं तर तुला आशीर्वाद इथून देईन, त्यात तसूभरही कमी पडणार नाही. मी वाट मात्र तिच्या अक्षराची बघतेय.

तुझी तुआ-ई,
आणि बी लेची सख्खी बहीण,
ग्वात एंग