निरीक्षणवहीतलं मूल

ताई,

वर्ष झालं आपण बोललो नाही, आणि चूक माझीच आहे. "पोरगी मिटून गेलीय गं," एवढंच तू म्हणाली होतीस. मी फटकन बोलले, "शिक्षिका मी होतेय की तू?"

दुकानातली नोकरी सोडून, एकटीनं लेक सांभाळत या वयात प्राथमिक शिक्षिकेचा कोर्स करतेय, याचा तोरा होता मला.

कोर्समध्ये एका मुलाचं महिनाभर निरीक्षण लिहायचं होतं. बाहेरचं मूल शोधायला वेळ कुठला? नाव न घालता तुझ्या भाचीवरच लिहिलं. 'प्रश्न एकदाच विचारते. चित्र दाखवायला आणते आणि दारातूनच परत नेते.' हे मी टेबलाशी बसून लिहीत होते तेव्हा ती दारातच उभी होती.

आज वही परत मिळाली. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मलाच. खाली आमच्या बाईंनी लिहिलंय, 'निरीक्षण उत्तम. या मुलीच्या आईला लवकर भेटा.'

हे पत्र टाकायचा धीर मला होणार नाही. मघाशी वही मिटून लेकीला म्हटलं, "आण बघू तुझं चित्र."

ती दारातूनच म्हणाली, "नको, तुझं लिहून होऊ दे आधी."

तुझी धाकटी