झुंबरबाईवरचा इलाज

तिसगाव, ४ मार्च १९४४
आज दवाखाना थाटला. जागा झकास! ऐसपैस खोल्या, कोरडी हवा, मागे कडुलिंबाची सावली. माणसे मात्र निव्वळ मेंढरे. मनोविकारांचा अभ्यास केलेला डॉक्टर यांनी स्वप्नातही पाहिला नसेल. उद्यापासून यांना शहाणे करायचे.

७ मार्च
झुंबरबाई नावाची रुग्ण आणली. लहानगा मुलगा पुंजाराम विहिरीत बुडाला, तेव्हापासून रडणे थांबत नाही. शेजारणी भोवती बसून गळा काढतात. मुबारकबी नावाची म्हातारी पाठीवरून हात फिरवत तिला घास भरवते. जखम ओली ठेवण्याची ही गावठी रीत! मी बाईला मागच्या खोलीत ठेवून घेतले आणि सगळ्यांना हाकलले. सांत्वन बंद केले की शोक आपोआप सुकतो. मुबारकबी फाटक धरून विनवण्या करत राहिली. करमणूक झाली.

११ मार्च
बाईचे रडणे थांबले. जेवते, गालात हसतेही. माझी पद्धत खरी ठरली. लुगड्याची पाठ तेवढी ओली दिसली. घाम असावा.

१२ मार्च
घाम नव्हे. लहान मुलाच्या पंजाची ओली खूण. विचारले, तर बाई म्हणाली, "तुमी बायांना हाकललं, मंग त्योच यायला लागला. पाठीवरनं हात फिरवतो. लई गार हात हाय त्याचा." अडाण्यांचे भ्रम! स्वतःच पाणी ओतून घेते. खोलीला बाहेरून कडी घातली.

१४ मार्च
भर दुपार. कडी जागेवर, खोली रिकामी. बाई त्याच विहिरीत सापडली. चेहरा शांत — हसरा म्हणावा असा. गावाने माझ्या दाराकडे पाठ फिरवली. फिरवू दे. या लोकांची गरज कुणाला आहे?

१५ मार्च
घास उतरत नाही. उन्हाने असेल. मुबारकबीला निरोप धाडला, जरा बसायला ये म्हणून. आली नाही. अडाणी, कृतघ्न —

१६ मार्च
सकाळ. दारे आतून बंद. माझ्या सदऱ्याची पाठ ओली. खुणा दोन. एक लहान. दुसरी बाईमाणसाची —

मी रडत नाही. मी —

मागे कुणी बसले आहे. वळून पाहणार नाही. हात बर्फासारखा, पण किती मायेने फिरतो —

बाई म्हणते आहे, चला, डागदर, तिथं लई निवांत —

उठतो आहे. मी नाही, पाय आपोआप —